पाच पुढे, चार मध्ये, मागे कावेरी

माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, संगीताचा, फोन सकाळी सव्वासातला आला. ती एवढंच म्हणाली, "बाई, सर गेले." अशा वेळी माणूस विचारतो, कधी गेले, कसे गेले, जवळ कोण होतं. मी विचारलं, "त्यांची खुर्ची कुठे आहे?" तिलाही त्या प्रश्नात वावगं वाटलं नाही. "मैदानातच हाय," ती म्हणाली, "कोनी हलवली न्हाई."

मैत्रेयी, ईशान, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मागच्या सुट्टीत ईशान व्हिडिओ कॉलवर मला त्याच्या क्लबच्या फुटबॉलची मांडणी समजावून सांगत होता. चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. मधूनच थांबून त्याने विचारलं, "आजी, तुला कळतंय ना?" मी नुसतं हो म्हटलं. तुमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या आजीने एका शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे कागद अठरा वर्षं सांभाळले, हे तुम्हाला ठाऊक नाही. तो संघ ज्यांचा होता, ते मारोती पोले सर पाच आठवड्यांपूर्वी गेले. त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण मला ती नीट लावून ठेवता येत नाही, आणि जे नीट लावता येत नाही ते मी सहसा बाहेर काढत नाही.

पोले सर आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. शाळा औंढ्याच्या बाजूला, माळावर. सरांचं घर मेंढपाळांचं. वडील शेळ्या-मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचे आणि सर दहाव्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबर फिरलेले. पुढे शिकले, नोकरीला लागले, पण चालणं तेच राहिलं. गुडघे किंचित वाकलेले, नजर लांब. फुटबॉल त्यांना कुणी शिकवला नव्हता. पुस्तकातून नियम वाचले आणि बाकीचं कळपावरून काढलं, असं ते स्वतःच सांगायचे. सुरुवातीला मला ती थट्टा वाटायची. नंतर मी स्टाफरूमच्या खिडकीतून रोज सराव पाहू लागले, तेव्हा कळलं की माणूस अगदी मनापासून बोलतो आहे.

त्यांची मांडणी अशी होती. पाच मुली पुढे, मैदानाच्या या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पसरलेल्या. काठावरच्या दोघींनी आधी धावायचं, मधल्या तिघींनी दोन पावलं मागून. समोरचा संघ काठावरच्या दोघींना अडवायला फाकला की मधे वाट पडते. नाही फाकला, तर काठ मोकळाच असतो. पाचजणींच्या मागे चार. चेंडू हातचा गेला तर या चौघींनी मागे पळायचं नाही, गेला तिथेच हिसकून घ्यायचा. "मागं पळालं की कळप फुटतो," सर सांगायचे. गोलात एक. आणि गोल आणि या नऊजणी यांच्या मधे, अर्ध्या मोकळ्या मैदानात, फक्त एक मुलगी. इतर शाळांचे सर हसायचे. एकजण मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोले सरांनी घराला पुढून पाच दारं बसवली आणि मागची भिंत बांधायची विसरले." मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "भिंत कशाला पायजे? कळपामागं एकच कुत्रं असतंय. पन ते चाऱ्याकडं बघत न्हाई, जनावरांच्या पाठीकडं बघतंय. तसलं एक लेकरू भेटलं की झालं."

तसलं एक लेकरू त्यांना भेटलं होतं. कावेरी. आठवीतली, सावळी, हडकुळी, वर्गात कमी बोलणारी मुलगी. तिचं खरं नाव मी तिच्या आईला विचारून लिहिते आहे. आई म्हणाली, "लिवा बाई. तिचं नाव आता घरात कोनी घेतच न्हाई." कावेरी मागच्या त्या अर्ध्या मैदानात एकटी उभी राहायची आणि पुढच्या नऊ जणींना मागून हाका घालायची. डावीकडं मोकळं हाय... सुमन, मागं बघ... तिला चेंडू क्वचितच लागायचा. सर म्हणायचे, पुढच्या पाचजणी तिच्या तोंडावर पळतात.

सरांची एक सवय होती, ती इथेच सांगते. सराव संपला की मुलींना रांगेने फाटकातून बाहेर सोडायचे आणि दोन बोटं हलवत जोडीने मोजायचे. दोन, चार, सहा. वाड्यात मेंढ्या आत घेताना त्यांचे वडील तसंच मोजायचे. मुली चिडवायच्या, एखादी मुद्दाम "बॅं" करायची. सर मोजणं चुकू द्यायचे नाहीत.

एक दिवस चुकले. त्या दिवशी सगळा सराव एकाच गोलावर चालला होता, गोलात उभी राहणारी मुलगीही पलीकडच्याच टोकाला. म्हणजे मागच्या अर्ध्यात खरोखर एकटी कावेरी. पलीकडून मारलेला एक चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि मैदानाच्या कडेला, जुन्या विहिरीच्या बाजूला गेला. ती आणायला गेली. सरांनी पिशवीतून दुसरा चेंडू काढून खेळ पुढे चालू ठेवला. मग पाचजणींनी असा काही गोल केला, काठावरून मधे आणि मधून परत काठावर, की सरांनी शिट्टी फेकून टाळ्या वाजवल्या. सगळ्या मुली त्यांच्याभोवती नाचल्या, तेवढ्यात एसटी आली, आणि त्या दप्तरं उचलून फाटकाकडे पळाल्या. कुणी मोजलं नाही. लिंबाखाली एक दप्तर राहिलं. ते मी पाहिलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते उचललं, आत नेलं, त्यावर नावाची चिठ्ठी लावली, कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. ते झाडाखालीच राहिलं असतं, तर शिपायाच्या नजरेला पडलं असतं. त्याने हाक मारली असती. मी ते नीट ठेवून दिलं... दिवस मावळताना तिचे वडील शोधत आले.

विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा होता. आता त्यावर लोखंडी जाळी आहे.

त्यानंतर काही पालकांनी मुली काढून घेतल्या. दहा उरल्या. सरांनी मांडणी बदलली नाही, आणि मागे कुणाला उभंही केलं नाही. मी विचारलं, निदान चौघींतली एक तरी मागे ठेवा. ते म्हणाले, "तिथं कोनाला उभं करू, तुमीच सांगा." त्यांनी स्टाफरूममधली एक घडीची लोखंडी खुर्ची मागून नेली आणि आपल्या गोलाच्या मागे, विहिरीच्या जाळीला पाठ लावून मांडली. तिथून ते सराव बघायचे. तोंड मुलींच्या पाठीकडे. शाळेच्या सामानाच्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मी त्या खुर्चीपुढे 'मैदान' अशी नोंद केली.

तीन महिन्यांनी हिंगोलीला जिल्ह्याचे सामने होते. संघाचा अर्ज इंग्रजीत भरायचा असे, म्हणून ते काम माझं. माझी फाईल व्यवस्थित होती. मी मागच्या वर्षीचा अर्ज पुढे ठेवला आणि नेहमीसारखी नावं उतरवली. ज्या मुली राहिल्या नव्हत्या, त्यांची नावं आठवणीने गाळली. एक गाळायचं राहिलं. माझ्याच हाताने, माझ्या अक्षरात, अकरा नंबरला कावेरीचं नाव गेलं. ते माझ्या लक्षात आलं ते मैदानावर.

सकाळची वेळ होती. मुली एका ओळीत उभ्या होत्या. ओळीच्या या टोकाला मी फाईल धरून, त्या टोकाला सर चेंडूची पिशवी घेऊन. आमच्या मागे गोलाचा खांब, त्यामागे कंपाउंडची भिंत, आणि मधे कुणीही नाही. पंच नावं वाचत होते आणि प्रत्येक मुलगी 'हजर' म्हणत होती. दहा नावं झाली. मग त्यांनी कागदाकडे बघत अकरावं नाव वाचलं. माझं तोंड बंद होतं, मुलांनो. हे मी शपथेवर सांगेन. आणि मागून उत्तर आलं... "हजर."

पंचांनी वर न बघता खूण केली, कागद दुमडला आणि निघून गेले. आवाज लहान मुलीचा नव्हता, एवढं मला कळलं. बसलेला, जरासा कापरा आवाज होता. मी सरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मला वाटलं, सरांनीच आवाज बदलून सांभाळून घेतलं, माझी लाज राखली आणि त्या मुलीची जागाही. कोणत्याही मुलीने मागे वळून पाहिलं नाही. नंतर त्यांच्यात कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी दटावलं, की या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. त्या नाही बोलल्या. माझा वर्गात तसा धाक होता.

त्या दिवशी जे झालं त्याची निम्मी कारणं मला देता येतात. ईशान, तुला ऑफसाइडचा नियम ठाऊक आहे. आमच्या चौघी मध्यरेषेपर्यंत चढलेल्या असत. त्यामुळे समोरची कुणी आमच्या अर्ध्यात आधीच येऊन चेंडूची वाट बघत थांबली, की झेंडा वर. तिला स्वतःच्या अर्ध्यातूनच धावत निघावं लागे. म्हणजे ती मोकळी जागा दिसते तेवढी फुकटची नव्हती, सरांनी तेवढा विचार केलेला होता. उरलेल्या निम्म्याचं कारण मला देता येत नाही. चेंडू घेऊन निघालेल्या मुली त्या मोकळ्या अर्ध्यात आल्या की सावकाश व्हायच्या. समोर गवताशिवाय काही नाही आणि लांब गोलात आमची एक मुलगी, तरी त्या वळसा घालायच्या. कुणाला तरी चुकवावं तसा, एकाच ठिकाणी, प्रत्येकीने. मग घाईने लांबूनच मारायच्या आणि चेंडू बाहेर जायचा. आम्ही त्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. अंतिम सामना गोलाविना सुटला आणि टायब्रेकरवर हरलो. संपल्यावर दुसऱ्या शाळेची एक धिप्पाड मुलगी पाणी प्यायला माझ्याजवळ आली. तोंड पुसत तिने विचारलं, "मॅडम, तुमची ती मागची पोरगी काहून बोलत न्हाई? नुसती बघून राहिली व्हती."

मी तिला म्हटलं, ती कमी बोलते. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या वर्षी मी अर्ज तीनदा तपासला. मुलीही पुन्हा अकरा झाल्या. पण अकराव्या मुलीला सरांनी मागे ठेवलं नाही, पुढे पाचाच्या सहा केल्या. सामन्यावर नावाचा प्रश्न उरला नाही. शाळेच्या मैदानावर मात्र सरावाआधी हजेरी घेताना ते शेवटी कावेरीचं नाव घ्यायचे, एक श्वासभर थांबायचे आणि मग शिट्टी वाजवायचे. नव्या मुलींना त्याचं काही वाटत नसे. शाळेत प्रार्थना असते, तसं हे. उत्तर पुन्हा कधी आलं नाही. आम्ही दोघांनी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्दही काढला नाही. मला वाटायचं, सरांचा तो मोठेपणा. त्यांनी केलं आणि मिरवलं नाही. मी निवृत्त झाले, हिंगोलीला राहायला आले. सर निवृत्त झाल्यावरही सकाळी मैदानात जाऊन त्या खुर्चीत बसत राहिले. संघ आता संगीता बघते. ती कावेरीच्या वेळच्या पाचांतली, डाव्या काठावरची. आज त्याच शाळेत खेळ शिकवते.

सर आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. शिरड शहापूरच्या पुढे त्यांची वस्ती आहे. दुपारची वेळ. अंगणात बाजेवर सर पडलेले, छातीत दम मावत नव्हता, बाजूला दोन करडं खुट्याला बांधलेली. त्यांच्या पत्नी गयाबाई चहा ठेवायला आत गेल्या. सर म्हणाले, "बाई, एक बोलायचं ऱ्हाऊन गेलं."

मी म्हटलं, बोला की.

"हिंगोलीला तिच्या नावाला तुमी हजर म्हनलात. त्याच्यावरच जगलो मी."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी खाली ठेवला. ते थांबत थांबत बोलत राहिले. त्या दिवशी सामना झाला की परत येऊन ते त्या विहिरीवरच जाणार होते. गयाबाईंना ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. मनात पक्कं केलेलं होतं. मेंढरू मोजायला चुकलेल्या माणसाला त्यांच्यात तोंड दाखवायला जागा नसते, आणि हे तर लोकाचं लेकरू. "पन तुमी तिला मोजलं. मला वाटलं, या बाई इतक्या कडक, नियमाच्या, आन् त्या माझ्यासाठी सगळ्यांदेखत खोटं बोलल्या. मंग म्या काहून पळावं?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमीच म्हनलात ना?"

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते ते म्हणाले, आणि ते समजत होते मी म्हणाले.

मी करडांकडे बघत राहिले. खरं सांगितलं असतं, तर त्या माणसाच्या पायाखालचं सगळंच काढून घेतलं असतं. आणि खोटं मी सहसा बोलत नाही, हे तुमच्या आईला विचारा. दप्तराचंही मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मेंढपाळाची नजर असते ती, चुकवता येत नाही.

मी म्हटलं, "हो सर. मीच म्हणाले."

"आवाज बसल्यावानी व्हता तुमचा," ते म्हणाले आणि डोळे मिटले. चहा आला तेव्हा ते शांत झोपले होते. त्यानंतर नऊ दिवसांनी संगीताचा फोन आला.

पुढचे तीन आठवडे माझे फार वाईट गेले. जाणाऱ्या माणसाला खोटं सांगून पाठवलं, हे एक. आणि त्याहून वाईट म्हणजे, मग म्हणालं कोण, हे दुसरं. सर्दी झाली, घसा धरला, तो सुटेना. एका शनिवारी सकाळी मी एसटीने शाळेत गेले. ठरवलं होतं ते एवढंच, की संगीता नाव घेईल तेव्हा त्या श्वासभर शांततेत आपण उत्तर द्यायचं. निदान एकदा तरी खरोखर म्हणायचं. खोटं थोडं कमी खोटं होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. म्हातारपणी माणूस असले हट्ट करतो.

खुर्ची जागेवरच होती. पत्र्याला दव लागलेलं. मी ती पदराने पुसली आणि बसले, पाठ जाळीकडे, तोंड मुलींच्या पाठीकडे. मुली ओळीत उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढे संगीता. त्या अकरा जणींपैकी मला एकही ओळखत नव्हती. नावं झाली. मग संगीताने कावेरीचं नाव घेतलं आणि थांबली. मी म्हटलं, "हजर."

घसा इतका धरलेला होता की माझाच आवाज मला परका वाटला, फाटका, कापरा. दोन-तीन मुली खुदकन हसल्या. संगीता हसली नाही. तिने शिट्टी वाजवली नाही. ती मुलींच्या ओळीला वळसा घालून सबंध मैदान ओलांडून माझ्याकडे आली.

"बाई, परत म्हना."

मी परत म्हटलं. ती खाली मातीतच बसली.

"त्या दिवशी असाच आला व्हता," ती म्हणाली. "बराबर असाच, मागून. आमी पोरी म्हनलो बी, हा कोन्या तरी म्हातारीचा आवाज हाय. तुमी रागावलात, मंग कोनी बोललंच न्हाई."

मी म्हटलं, "संगीता, तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते."

"व्हय," ती म्हणाली. "तवा तुमचा आवाज असा नव्हता."

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मुली आपल्या आपणच खेळायला लागल्या. सहा पुढे, चार मध्ये, एक गोलात. मागचं अर्धं मैदान आमच्यासमोर मोकळं पडलेलं, त्यावर ऊन. माझ्या पाठीमागे जाळी होती. मी मागे वळून पाहिलं नाही. त्या खुर्चीत बसल्यावर मागे बघायचं नसतं, पुढच्यांच्या पाठींकडे बघायचं असतं, हे न सांगता कळतं. सर तिथे इतकी वर्षं कसे बसले असतील, तेही कळलं.

सरांना मी जे सांगितलं ते खोटं होतं की नाही, हे आता मला ठरवता येत नाही. पण काय करायचं, ते ठरलं आहे. दर शनिवारी पहिल्या एसटीने मी जाते. खुर्ची पुसते, बसते. संगीता नावं घ्यायला लागली की माझं लक्ष दुसरीकडे कुठे नसतं. अकरावं नाव झालं की मी घसा साफ करून ठेवते... तिकडे हिंगोलीच्या त्या सकाळी एक माणूस खाली मान घालून उभा आहे. उत्तर पोहोचायला उशीर व्हायला नको.